पहिली सही

आमच्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं. सकाळी साडेसहाच्या सुमारास आधी नुसती हवा सुटते, मग थोडं गढूळ पाणी, आणि त्यानंतर पाऊण तास बरं पाणी. पाच गावांची मिळून ही नळयोजना आहे. टाकी शेजारच्या गावात, ऑफिस त्याहून लांब. पाणीपट्टी वर्षातून एकदा भरायची असते आणि बहुतेक लोक धान विकल्यावर ती भरतात. त्या वर्षी दिवाळीनंतर जे बिल आलं त्याच्यावरचा आकडा आधीच्या जवळजवळ दुप्पट होता. पाणी मात्र तेच, पाऊण तास.

मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. गावात कोणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे येतात, कारण अक्षर बरं आहे आणि 'महोदय'नंतर काय लिहायचं ते मला ठाऊक आहे. त्या आठवड्यात माझ्या ओसरीवर रोज कोणी ना कोणी बिल घेऊन बसलेलं असायचं. शेवटी शाळेच्या व्हरांड्यात सभा घेतली. बाया मोठ्या संख्येनं आल्या होत्या, कारण पाणी भरणाऱ्या त्याच. ठरलं असं की आधी निवेदन द्यायचं, आणि दर कमी होईपर्यंत कोणीच पट्टी भरायची नाही.

निवेदन मी लिहिलं. सह्यांसाठी कागद फिरवायच्या आधी मला वाटलं, पहिली सही गावातल्या वयानं सगळ्यात मोठ्या माणसाची असावी. विहाराच्या बाजूला एक म्हातारी एकटी राहते. सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. नवरा जाऊन खूप वर्षं झाली, मुलगी कोंढ्याला दिली आहे. सगळे तिला मावशी म्हणतात, मीही म्हणतो. प्रौढांच्या वर्गात ती माझ्याकडे सही शिकली होती आणि त्यानंतर तिनं कुठेही अंगठा लावला नव्हता.

मी कागद घेऊन गेलो तेव्हा ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि मला पूर्ण निवेदन वाचून दाखवायला लावलं.

"आन नळ कापला त मंग?" तिनं विचारलं.

"नाही कापत मावशी. अख्ख्या गावाचे नळ कापतील का?"

"तुमी म्हणता त बरोबर असंन," ती म्हणाली आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत तिनं सही केली. दुसरी सही मी माझी केली. मग कागद गावभर फिरला.

आम्ही आठ-दहा जण निवेदन घेऊन ऑफिसात गेलो. साहेबांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. विजेचं बिल वाढलं, पंप जुने झाले, दर ठरवणं आमच्या हातात नाही, असं सांगितलं. वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर निदान भांडता आलं असतं. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला आणि परत आलो. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकला, खाली पुष्कळ अंगठे आले.

पंधरा-वीस दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. अमुक तारखेपर्यंत पट्टी भरा, नाहीतर जोडणी तोडण्यात येईल. पुन्हा सभा झाली. "नाही भरायची," असं सगळे म्हणाले. मीही उभा राहून बोललो. एकजूट टिकली तर कोणी काही करू शकत नाही, असं काहीतरी. चाळीस वर्षं मुलांसमोर बोलायची सवय होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

तारीख गेली. त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी, नळ येऊन गेल्यावर, नळयोजनेचा फिटर गाडीवर आला. तो माझाच विद्यार्थी. मला बघून गाडी उभी केली, नमस्कार केला. त्याच्या हातात एक झेरॉक्स होती आणि तिच्यावर लाल पेनानं खुणा केल्या होत्या. मी अक्षर ओळखलं. ते आमचंच निवेदन होतं. सह्यांची पानं त्याला यादी म्हणून दिली होती.

"क्रमानं कापा म्हणले साहेब," तो खाली बघत म्हणाला. "गुरुजी, मी काय करू? नाही कापलं त दुसऱ्याले पाठवतीन."

पहिलं नाव मावशीचं होतं.

तिच्या अंगणात आम्ही दहा-बारा जण उभे होतो. मी म्हणालो, थोडा वेळ थांब, मी साहेबांना फोन लावतो. फोन लावला. घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला, मग तिसऱ्यांदा. फिटर बिचारा पाना हातात धरून उभा होता. शेवटी मावशीच म्हणाली, "करू द्या त्याले त्याचं काम. उन्हात काहून उभं करून ठेवता?" त्यानं जोडणी काढली, पाइपाच्या तोंडावर झाकण घट्ट बसवलं आणि माती परत लोटली. दहा मिनिटांचं काम. आमच्यापैकी कोणीही त्याचा हात धरला नाही.

दुसरं नाव माझं होतं. मी म्हणालो, चल, माझाही काप. मनातून मला ते हवंच होतं. सगळा जमाव माझ्या दारापर्यंत आला. फिटरनं कागद बघितला, मग मला बाजूला घ्यायला बघू लागला.

"काय झालं?" मी मोठ्यानं विचारलं.

"गुरुजी, तुमची त भरली आहे."

मला कळेना. तो कागद माझ्यापुढे धरत होता. माझ्या नावापुढे लाल खूण नव्हती. दारात माझी बायको उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला समजलं. लोकांनाही समजलं. एकेक जण निघून गेला. दुपारपर्यंत अर्ध्या गावाच्या गाड्या पट्टी भरायला ऑफिसकडे गेल्या होत्या. संध्याकाळी ग्रुप उघडला तर माणसं एकामागून एक बाहेर पडत होती.

मी घरात आलो. आई आतल्या खोलीत खाटेवर होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ती उठत नाही.

"कधी भरलं?" मी बायकोला विचारलं.

"मागच्या सोमवारी. ऑटोनं गेली होती."

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं त तुमी भरू देल्लं असतं का?" ती चादरी पिळत होती. "आईचं अंथरून दिवसातून दोनदा धुवा लागते. नळ गेला असता त पानी कोनी आनलं असतं? तुमी सभेत जाता."

ती चिडून बोलली नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही भरलं असतं. पण मी तिच्या जागी कधी उभाच राहिलो नव्हतो.

संध्याकाळी मावशीकडे गेलो. ती कात्रीनं विडीचा तेंदूपत्ता कापत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की घरच्यांनी भरलं ते मला ठाऊक नव्हतं, शपथेवर सांगतो.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "मी विड्या द्याले जात होती ना सोमवारी. तुमची बाई त्याच ऑटोत होती. तिनं सांगतलं मले, रडली बी."

मी खाली बसलो. "मग मावशी, तुम्ही का नाही भरलं? तुम्हाला तर आधीच कळलं होतं."

"मी सही केली होती न जी," ती म्हणाली, आणि पत्ता कापायला लागली.

तिनं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, पट्टी आणि पुन्हा जोडणीचे जे काही पैसे लागतील ते मी भरतो. ती नाही म्हणाली. त्या दिवसापासून ती चौकातल्या बोरिंगवरून पाणी आणू लागली. त्या पाण्याला लोखंडाचा वास येतो, वरण शिजत नाही. माझी बायको पिण्याच्या पाण्याचा एक गुंड, म्हणजे छोटा हंडा, तिच्याकडे पोचवायची. तो मावशी घ्यायची, पण एकच. दुसरा नेला तर परत पाठवायची. मी ओसरीवर बसलेला असायचो आणि ती हंडा घेऊन समोरून जायची. हंडा धरायला मी दोन-तीनदा उठलो. "राहू द्या गुरुजी, लोक पायतात," ती म्हणाली. त्यानंतर ती जायच्या वेळी मी आत जाऊन बसू लागलो. हे लिहितानाही लाज वाटते.

मी एकट्या तिच्या नावानं अर्ज लिहिला, वय आणि परिस्थिती पाहून जोडणी द्यावी म्हणून. दोनदा ऑफिसात गेलो. एकदा साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा भेटले, म्हणाले, "एकाला सूट दिली की सगळे येतील गुरुजी, तुम्हीच सांगा." अर्ज तिथंच ठेवून मी परत आलो.

उन्हाळा चढला तसे तिचे गुडघे सुजले. एक दिवस ती बोरिंगजवळच बसून राहिली, उठता येईना. बायांनी तिला धरून घरी आणलं आणि कोंढ्याला फोन केला. मुलगी आली. तिनं कोणाला न विचारता जाऊन सगळं भरलं आणि आईला सोबत घेऊन गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

धानाच्या रोवणीच्या आधी मावशी परत आली. नळ सुरू झाला होता. मी भेटायला गेलो तर नेहमीसारखी बोलली, मुलीकडच्या म्हशीचं सांगत बसली. नळाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

पावसाळ्यात पोस्टानं एक पाकीट आलं. पहिली सही तिची म्हणून पत्ताही तिचाच. ती ते घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली वाचून दाखवा. मी वाचलं. आपले निवेदन प्राप्त झाले असून ते योग्य त्या कार्यवाहीसाठी वरिष्ठ कार्यालयाकडे सादर करण्यात आले आहे.

"म्हंजे काय?" तिनं विचारलं.

म्हणजे काही नाही, असं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "विचार करून राहिले म्हणतात."

"असं का," ती म्हणाली. तिनं ते पत्र माझ्या हातातून घेतलं, नीट घडी केली आणि पदरात बांधलं. माझ्या बायकोनं चहा आणला. तिघं ओसरीवर बसून प्यायलो.