पाच नंबरची कॅसेट

बेलापूरच्या रंभाजीकडे सिनेमांच्या सात कॅसेटी होत्या. आठवी कधी नव्हती आणि होणारही नव्हती, कारण तसा त्याचा नियम होता. साखर कारखान्यात मिल हाउसला फिटर म्हणून एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला नियमाशिवाय अन्न पचत नाही. एकोणनव्वद साली बोनसच्या पैशांतून त्यानं व्हीसीआर घेतला, त्याच दिवशी बायकोला सांगून टाकलं, "कॅसेटी सातच. मानसानं पिक्चर किती ठेवायचे याला बी काय हद्द पायजे." विमलबाईनं हद्दीबद्दल काही विचारलेलं नव्हतं. ती भाकरी थापत होती.

या सातांची व्यवस्था त्यानं कारखान्यासारखीच लावली होती. टीव्हीवर नवा सिनेमा लागला की तो सात नंबरच्या कॅसेटवर उतरवायचा. सात नंबर म्हणजे बदली कामगार. तीन वेळा बघून पसंत पडला तर त्याला कायम करायचं, म्हणजे कॅसेटच्या कडेला जी प्लास्टिकची बारीक टिकली असते ती स्क्रूड्रायव्हरनं मोडायची. ती मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही उतरत नाही. अर्थात एकाला कायम करायचं तर वरच्या एकाला घरी बसवावं लागे. मग त्याच्या मोडक्या जागी चिकटपट्टी लावायची, नंबराची चिठ्ठी बदलायची, आणि तो पुन्हा बदलीवर हजर. हे सगळं रंभाजी रविवारी सकाळी अंघोळ करून, चष्मा लावून करायचा. आवडता सिनेमा कुणालाही सांगता येतो, पण त्यासाठी दुसरा काढून दाखवा, असं त्याचं म्हणणं होतं.

कॅसेटींना नावं नव्हती, फक्त नंबर होते. एक नंबर ट्रक ड्रायव्हरचा. त्यात ड्रायव्हर भावाच्या खुन्याला घाटात गाठतो. हा रंभाजीचा जीव की प्राण. दोन आणि तीन या दोन्हींत जत्रेत भाऊ हरवतात. एकात गोंदणावरून सापडतात, दुसऱ्यात गाण्यावरून. पद्धत वेगळी असल्यामुळे दोन्ही कायम. चारमध्ये वकील अकरा मिनिटं बोलतो आणि न्यायाधीश रडतो. सहामध्ये घोडे होते.

पाच नंबरचं मात्र तिथं काय काम होतं हे रंभाजीला कधी कळलं नाही. एका रविवारी तो रात्रपाळी करून झोपला होता. टीव्हीवर जुना मराठी सिनेमा सुरू झाला आणि विमलबाईनं आपल्या मनानं जाऊन बटण दाबलं. हात पिठाचे होते, ते पुसेपर्यंत नावाच्या पाट्या निघून गेल्या. त्यामुळे त्या सिनेमाचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. रंभाजीनं तो तीनदा बघायला घेतला आणि तीनदा झोपला. त्यात मारामारी नव्हती. हा काढायचा विषय निघाला की विमलबाई म्हणायची, "असू द्या की." एवढंच. रंभाजीनं याला तिचं मत धरलं नाही, पण का कोण जाणे, काढलाही नाही. टिकली तेवढी मोडली नाही.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात मुलगी भारतीचं लग्न ठरलं. जावई सम्राट अकोल्याला पाटबंधारे खात्यात कारकून. शूटिंगचं काम श्रीरामपूरच्या सुनीलला दिलं. त्याचं व्हिडिओचं दुकानही होतं. तो म्हणाला, "मामा, लग्न उतरवून द्यायला एक कॅसेट लागंल. नवी घेऊ का?"

"नवी कशाला? घरची हाय की," रंभाजी म्हणाला.

घरी येऊन त्यानं फळीवर नजर टाकली. एक, दोन, तीन, चार, सहा कायम. सातवर त्याच आठवड्यात एक दरोड्याचा सिनेमा आला होता, तो अजून एकदाच बघून झाला होता. राहता राहिला पाच. त्यानं तो पिशवीत घातला आणि दिला. विमलबाईला विचारायचं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ती त्या वेळी दीडशे माणसांच्या जेवणाचा हिशोब आचाऱ्याला तिसऱ्यांदा सांगत होती.

लग्न छान झालं. बौद्धाचार्यांनी विधी लावला, पांढऱ्या साडीत भारती उठून दिसली, हार घातले, जेवणं झाली. पंधरा दिवसांनी सुनीलनं कॅसेट आणून दिली. दोघांचे फोटो बदामात बसवले होते आणि बदाम फिरत होता. लग्न दीड तासाचं, कॅसेट तीन तासांची. भारती जीपमध्ये बसते, विमलबाई पदर तोंडाला लावते, जीप धुरळा उडवत निघते, पडद्यावर मुंग्या येतात, आणि एकदम एक पोस्टमन सायकलवरून उतरून विचारतो, "घरात कोणी आहे का?" पाच नंबरचा शेवटचा पाऊण तास तसाच राहिला होता.

पाहुण्यांना ते आवडलं. लग्न बघायला आलेले लोक पोस्टमनसाठी थांबायचे. एका म्हाताऱ्या आत्याची तर खात्रीच पटली होती, की तो सम्राटचा चुलतभाऊ आहे. विमलबाईनं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पाचवर उतरवलं व्हय." आणि चहा ठेवायला उठली. रंभाजीला त्यात काही बोलणं आहे असं वाटलं नाही.

त्यानंतर मात्र एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. कामावरून यावं तर व्हीसीआर गरम. हात लावला की कळायचं. आत कॅसेट लग्नाची. रोज. रंभाजीचं मन भरून आलं. पोरगी गेल्यापासून बाईला चैन पडत नाही, दुपारी एकटी बसून पोरीला बघते. त्यानं हे कारखान्याच्या कँटीनमध्ये सांगितलं. "आईची माया न्हाई कळायची आपल्याला," तो म्हणायचा आणि ऐकणारे बिड्या विझवायचे. ऑक्टोबरपर्यंत निम्म्या मिल हाउसला ही माया तोंडपाठ झाली होती.

डिसेंबरात एक दिवस उसाच्या गाड्याच आल्या नाहीत, मिल थांबली आणि रंभाजी दुपारी दोनला घरी आला. दार उघडंच होतं. विमलबाई टीव्हीसमोर पाठमोरी बसली होती. पडद्यावर लग्न चाललं होतं, पण ते पळत होतं. बौद्धाचार्य मान टकटक हलवत होते, पाहुणे चिमण्यांसारखे दाणे टिपत होते, भारती उडी मारून जीपमध्ये बसली. मुंग्या आल्या. विमलबाईनं बटण सोडलं. पोस्टमन उतरला. त्याच्यानंतर थोड्या वेळानं पडद्यावर एक बाई आली आणि ओट्यावर बसली. मिनिटभर बसली असेल. विमलबाईनं कॅसेट मागं घेतली. बाई पुन्हा येऊन बसली. पुन्हा मागं. पुन्हा बसली.

"लग्न पळवती व्हय गं?" रंभाजीच्या तोंडून निघून गेलं.

विमलबाई दचकली नाही. "लगीन काय बघायचं? मी तितंच हुते," ती म्हणाली आणि टीव्ही बंद करून उठली. "आज लवकर? चहा ठिवते."

रंभाजी चहा प्यायला. सात महिने जी माया तो गावभर वाटत होता ती भलत्याच बाईवर होती. पण त्यापेक्षा वाईट हे, की या घरात पाच वर्षं सिनेमे कायम झाले, घरी बसले, आणि तुझा आवडता कोणता, हे त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिचा एकच होता, आणि तोच त्यानं पुसला होता. त्याला लाज वाटली. विमलबाई विहिरीवर गेल्यावर त्यानं तो पाऊण तास दार लावून पाहिला. ओट्यावरच्या बाईला काहीच होत नव्हतं. ती आजारी नव्हती, रडत नव्हती, कुणाची वाटही बघत नव्हती. रंभाजीला त्यातलं काही उमगलं नाही, पण तो या वेळी झोपला नाही.

दुसऱ्या दिवशी तो सुनीलच्या दुकानात गेला.

"एक पिक्चर पायजे. जुना मराठी हाय."

"नाव?"

"नाव न्हाई. त्यात एक बाई बसती."

"मामा," सुनील म्हणाला, "मराठी पिक्चरमधी बाई बसतीच. अजून काय हाय?"

"पोस्टमन हाय."

सुनीलनं चार कॅसेटी काढल्या. चारांत पोस्टमन होता, ती बाई नव्हती. रंभाजी कोल्हारच्या दुकानात जाऊन आला, राहात्याला जाऊन आला. सगळीकडे लोकांनी आधी हसून घेतलं आणि मग घोड्यांचा सिनेमा देऊ का म्हणून विचारलं. शेवटी त्यानं एसटीडी बूथवरून अकोल्याला शेजाऱ्यांच्या फोनवर भारतीला बोलावून घेतलं.

"आप्पा, पाच नंबर पुसला तुमी? माज्या लग्नापायी?" भारती एवढी ओरडली की बूथवाल्यानं मान वर केली. "त्यातलं सुरवातीचं ओट्याचं गानं आईला किती... आप्पा, कमाल हाय तुमची. एक नंबर का न्हाई दिला?"

"त्याची टिकली मोडलेली हाय," रंभाजी म्हणाला. हे बोलताना त्यालाच ते खोटं वाटलं. चिकटपट्टी घरात होती.

"हाय काय गं त्या गान्यात?" त्यानं विचारलं.

"ते तिलाच इचारा," भारती म्हणाली आणि फोन ठेवला.

पण पोरगी बापावर रुसली तरी आईसाठी हिंडली. तिनं तो सिनेमा आईशेजारी बसून कितीतरी वेळा पाहिला होता, त्यामुळे अकोल्याच्या व्हिडिओवाल्याला तिनं सगळी गोष्ट सांगितली, गाण्याच्या चालीसकट. त्यानं माळ्यावरून कॅसेट काढली. सहाव्या दिवशी अकोल्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं रंभाजीच्या हातात पुडकं ठेवलं. कॅसेटवर नाव होतं, पण ते असं की त्यावरून आत काय आहे याचा पत्ता लागू नये. आठवड्यात परत पाठवायचं होतं. रंभाजी पुडकं घेऊन थेट सुनीलकडं गेला. त्याच्याकडे दोन व्हीसीआर होते, एकावरून दुसऱ्यावर उतरवायची सोय होती.

"नवी कॅसेट लावू ना?" सुनील म्हणाला.

रंभाजीनं पिशवीतून एक नंबर काढला. मोडक्या टिकलीवर चिकटपट्टी घरूनच लावून आणली होती.

"मामा, हा तुमचा ट्रकवाला. नवी घ्या की एक. कोन मोजायला बसलंय?"

"नवी घेतली तर मग माजं काय गेलं?" रंभाजी म्हणाला.

सुनीलनं बटण दाबलं. रंभाजी स्टुलावर बसून होता. आपला ड्रायव्हर घाटात चढताना दिसणार नाही हे त्याला माहीत होतं, कारण उतरवताना नवा सिनेमाच दिसतो, जुना नुसता जातो. वाईट वाटलं. वाटायचंच. घरी येताना त्यानं चिठ्ठी बदलली नाही. कॅसेटवर एक नंबरच राहू दिला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं कॅसेट लावली आणि बाजूला बसला. विमलबाई भांडी गोळा करत होती. पडद्यावर नावाच्या पाट्या सुरू झाल्या तशी ती ताट हातात धरून उभी राहिली. पाट्या तिनं आजवर पाहिल्याच नव्हत्या. तिनं त्या एकेक करून वाचल्या, मेकअपवाल्यापर्यंत. मग ताट खाली ठेवलं आणि बसली.

"तुमचा ट्रकवाला कुठं गेला?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"घरी बसवला."

तिनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला, कारण सिनेमा पुढं चालला होता.

अर्ध्या तासानं गाणं आलं. घरातलं सगळं आवरून ती पडद्यावरची बाई बाहेर आली आणि ओट्यावर बसली. मागं कुणी दुसरंच गात होतं. ऊन उतरत होतं, समोरून गाय गेली, एक पोर पळत गेलं. बाई बसली होती.

रंभाजीनं हळूच विचारलं, "हिला झालंय काय?"

"काय न्हाई. बसलीय."

"कुनाची वाट बघती का?"

"न्हाई वो. काम झालंय तिचं. म्हनून बसलीय," विमलबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "अख्खं गानं संपतं, पन तिला कोनीच हाक मारीत न्हाई."

आपण दिवसातून तिला किती हाका मारतो, ते रंभाजी मनात मोजायला लागला आणि सकाळच्या चहापर्यंतसुद्धा पोचला नाही. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "विमलबाई! ओ विमलबाई! हायसा का?" शेजारची छबूबाई. विमलबाईचे हात सवयीनं जमिनीला टेकले.

"बस," रंभाजी म्हणाला आणि उठला.

दारात छबूबाई पाटी घेऊन उभी होती. गिरणीला निघाली होती.

"विमलबाई न्हाई घरात," रंभाजी म्हणाला.

"मगा तर हुती. आन मंग टीव्ही कोन बघतंय?"

"मी."

छबूबाईनं त्याच्या खांद्यावरून आत बघायचा प्रयत्न केला. रंभाजी थोडा डावीकडे सरकला. ती उजवीकडून बघू लागली, तसा तो उजवीकडे सरकला. आतून गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं. छबूबाई गेली तरी तो गाणं संपेपर्यंत दारातच उभा राहिला.