अण्णाची जर्मन रोजनिशी

माझा थोरला भाऊ त्रिविक्रमअण्णा चामराजपेटेतल्या घरी हापिसातून दमून यायचा आणि जुन्या जर्मन रोजनिशीच्या फोटोंपुढे बसायचा. दोनशे वर्षांपूर्वी तंजावरात राहिलेल्या एका पाद्र्याची ती रोजनिशी. आमचे पूर्वज तिथल्याच दरबारात मोडी लिहीत, म्हणून अण्णाला तिचं वेड. मोडी घराबाहेर कुणाला शिकवायची नाही, ही आमची तेव्हापासूनची रीत.

कँटोन्मेंटातल्या वर्गात तो जर्मन शिकला, पण ते जुनं अक्षर तिथल्या जर्मन बाईंनाही लागेना. ते शिकवणारं पुस्तक विचारलं, तर तेही त्यांना ठाऊक नव्हतं. एका चर्चमधून जुनं प्रार्थनापुस्तक मिळालं, ते छापील. हाताचं वळण निराळंच. शेवटी मीच वैतागले. "आपण मोडी कशी शिकलो, अण्णा? अर्थ न कळता गिरवूनच ना?"

मग तो गिरवत बसला. केस पिकले तेव्हा कुठे पहिलं वाक्य लागलं. चष्मा काढून त्याने मला ते मराठीत सांगितलं, "मोडी शिकवणारा इथे कोणी भेटत नाही, थकलो."

"आपलेच लोक तिथे होते की," मी म्हटलं.

"होते," अण्णा म्हणाला. "रीत पाळत होते."