निवडलेली पानं

गच्चीवर वाळवण घातलेलं दिसलं की ती घटना आजही आठवते. चंदीगडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका शेजाऱ्याची फोनवर खबर आली, "जी, बगलवाले अंकल छत पे गांजा सुखा रहे हैं. पक्का."

पंच घेऊन गेलो. गच्चीवर जुन्या साडीवर भांगेची, म्हणजे गांजाच्याच झाडाची, पानं पसरलेली. ही झाडं इथे मोकळ्या जागेत तणासारखी माजतात. घरमालक हवाई दलातून निवृत्त झालेले, साताऱ्याचे. पत्नी कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली. मुलगा अमेरिकेत, त्याच्या राज्यात प्रौढांना ठरावीक वजनापर्यंत ही वस्तू बाळगायला मुभा आहे. दुखणं कमी होतं, असं त्याने फोनवर सांगितलं. इकडचा कायदा सांगायला मात्र चिरंजीव विसरले. काका मागच्या प्लॉटवरून पानं आणून दुधात उकळून तिला देत होते.

"सर, गिरफ्तारी डाल दें?" माझ्या हवालदाराने विचारलं. काकांना नेलं असतं तर बाईंना पाणी द्यायलाही घरात कोणी उरलं नसतं. म्हणून चौकशी मी पलंगाशेजारीच केली.

कायद्याने गांजा म्हणजे या झाडाचा फुलोरा. सोबत फुलोरा नसेल तर नुसती पानं त्यात येत नाहीत.

"काका, फुलोरा कुठे ठेवलाय?"

"प्लॉटवरच टाकला. तिथंच बसून निवडतो. घरात पाचोळा हिला चालत नाही."

बाई हळूच म्हणाल्या, "फुलावर आलेली भाजी कडू लागते हो. यांना मेथी मीच निवडायला शिकवली."

प्लॉटच्या भिंतीशी देठ आणि फुलोरे सुकून पडलेले मी स्वतः पाहिले. माल सील करून प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवालापर्यंत अटक थांबवली. वरिष्ठांची बोलणी खाल्ली. अहवालात नुसती पानं निघाली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

काकांना ते सांगायला गेलो आणि बजावलं, "पुन्हा तोडू नका. सोबत फुलोरा आला तर गुन्हा होईल."

"नाही तोडत. पण मग हिला काय देऊ साहेब?"

दुसऱ्या दिवशी काकांना, बाईंचे आजाराचे कागद घेऊन, सरकारी रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागात घेऊन गेलो. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. अमली पदार्थांच्या ज्या कायद्याने मी लोकांना पकडत होतो, त्याच कायद्यात या गोळ्यांची सोय होती.

काही दिवसांनी काका ठाण्यात आले. म्हणाले, "काल ही रात्रभर झोपली. मी जागाच राहिलो, सवयीनं."

तेव्हापासून, काकांचा तो प्रश्न आठवून, चौकशी संपली की मी समोरच्याला विचारायचो, तुम्हाला काही विचारायचंय का? बहुतेक जण मान हलवून नाही म्हणत. तरी निवृत्त होईपर्यंत मी ते विचारत राहिलो.