वस्तादांच्या तालमीत लोखंड आलं तेव्हा

तालमीत दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाजवळ शेवटी दोनच गोष्टी उरतात. मोडलेले कान आणि किस्से. माझे कान काही मोडले नाहीत, कारण कान मोडेपर्यंत मी कुठल्या कुस्तीत टिकलोच नाही! किस्से मात्र भरपूर साठले. ते आपोआप साठतात. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या शेपटाला धरून दुसरा बाहेर येतो. परवा जुने दोस्त जमले आणि एकानं सहज विचारलं, "अरे, ते डेड लिफ्टचं भांडण आठवतं का?" झालं! चहा तीनदा झाला, तरी भांडण काही संपेना.

आमची तालीम नव्या पेठेच्या मागच्या बोळात होती. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की आम्ही लंगोट लावून कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरायचो. वस्ताद भिकोबा मूळचे करकंबचे. पन्नाशीचा माणूस, पण बैठका मारायला लागले की आमच्यासारख्या विशीतल्यांना घाम फुटायचा. त्यांचा कायदा एकच. जोर, बैठका, जड लाकडी करेला फिरवणं आणि कुस्ती. बाकी सगळं थोतांड!

आणि अशा या तालमीत केशवमास्तरांनी लोखंड आणलं.

* * *

केशवमास्तर हायस्कुलात ड्रिल शिकवायचे. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला गेले आणि येताना एक लांबलचक लोखंडी बार, गोल गोल प्लेटा आणि व्यायामाचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले. स्टेशनावरून हे सगळं बैलगाडीतून तालमीच्या दारात उतरलं.

वस्तादांनी बारभोवती एक चक्कर मारली. "ह्ये काय? रेल्वेचा आस उपटून आनला व्हय?"

"नाही वस्ताद. हा बार. जमिनीवरून उचलायचा, ताठ उभं राहायचं आणि परत ठेवायचा. या प्रकाराला डेड लिफ्ट म्हणतात."

"म्हंजी?"

मास्तर पडले शिक्षक. शब्द फोडून सांगायची सवय. "डेड म्हणजे मेलेलं. लिफ्ट म्हणजे उचलणं."

वस्तादांनी एकदा बारकडं पाहिलं, एकदा मास्तरांकडं. "मढं उचलायचं तर चौगं लागत्यात की! तुमी एकलेच कशापायी उचलताय?"

* * *

त्या दिवसापासून तालमीत दोन पार्ट्या पडल्या. डेड लिफ्ट हवीच, असं म्हणणारी मास्तरांची पार्टी. आणि जोर-बैठकांत सगळं आलं, असं म्हणणारी वस्तादांची. मी कारकून माणूस, ऑफिसातल्यासारखाच मधोमध!

मास्तर म्हणायचे, "वस्ताद, बैठकांनी मांड्या होतात, जोरांनी छाती होते. पण पाठीचं काय? कमरेचं काय? जमिनीवरून वजन उचलल्याशिवाय पाठ खरी तयार होत नाही."

"बैलाची पाठ बगा. त्यो कुटं लोखंड उचलतो?"

"म्हणून तर त्याच्या मानेवर जू आहे, वस्ताद!"

तालीम खदाखदा हसली. वस्तादांनी शांतपणे हसणारे मोजले आणि प्रत्येकाला पाचशे बैठका जादा सांगितल्या. सगळ्यांत मोठ्यानं हसलो होतो मी. मला हजार!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला बसता येईना. बसलो तर उठता येणार नाही, ही खात्री होती, म्हणून टेबलाशी उभ्यानंच लिहीत राहिलो. तेवढ्यात हेडक्लार्क आले.

"बसा, बसा."

"असू द्या साहेब."

दुपारी पुन्हा आले, तरी मी उभाच. संध्याकाळी आले, तरी उभाच. तिसऱ्या दिवशीही तेच. वर्षाखेरीस माझ्या नावापुढं त्यांनी स्वतःच्या हातानं शेरा लिहिला, 'वरिष्ठांशी वागणूक अत्यंत नम्र.'

* * *

मास्तरांचा पहिला खरा चेला म्हणजे यल्लय्या. हा विणकर. दिवसभर हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि संध्याकाळी कमरेवर हात ठेवून तालमीत यायचा. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि दोन्हीकडं मौन. मास्तरांनी त्याला आधी रिकामा बार दिला, मग हळूहळू एकेक प्लेट वाढवली. पाय कुठं, पाठ कशी, श्वास कधी, सगळं नीट शिकवलं. यल्लय्या जे शिकला ते शब्दशः पाळायचा.

दीड-दोन महिन्यांनी त्याची बायको नरसम्मा तालमीच्या दारात येऊन उभी राहिली. बाई दारात म्हटल्यावर आम्ही सगळे भराभरा सदरे शोधायला लागलो!

"मास्तर, तुम्ही आमच्या माणसाला काय शिकवला?"

"का हो, काय झालं?"

"घरात सुताची कांडी पडली तरी ह्यो पाय फाकून उभा राहतो. छाती फुगवतो. मग खाली जाऊन 'हुप्प' करतो आणि कांडी उचलतो. सगळा पेठ विचारतोय, घरात माकड पाळला काय?"

मास्तरांनी हसू आवरलं. "पण त्यांची कंबर दुखायची, ती थांबली का?"

"ते थांबला ना."

"मग?"

नरसम्मानं जरा विचार केला. "मग कंबर राहू द्या. हुप्प तेवढा बंद करा!"

* * *

बारला सगळ्या प्लेटा लावल्या की तो उचलणारा तालमीत कुणी नव्हता. मास्तर स्वतः गुडघ्यापर्यंत आणायचे आणि टेकवायचे. यल्लय्याकडून तर तो जमिनीवरून हलायचासुद्धा नाही.

एकदा रेल्वेच्या मालधक्क्यावरचे हमाल कासमभाई आमच्याकडं पाणी प्यायला थांबले. वाळक्या शेंगेसारखा माणूस. रुईच्या गाठी उतरवण्यात जन्म गेलेला. आमची झटापट बघत त्यांनी तांब्याभर पाणी संपवलं.

"कासमभाई, बघता का उचलून?" मास्तरांनी गमतीत विचारलं.

कासमभाईंनी तांब्या खाली ठेवला. हात धोतराला पुसले. वाकले आणि पाण्याची कळशी उचलावी तसा बार उचलून ताठ उभे राहिले. आम्ही टाळ्या वाजवायचंसुद्धा विसरलो. ते तसेच उभे. चेहऱ्यावर फक्त प्रश्न.

"उठा लिया मास्टर. अब रखना किधर?"

वस्तादांनी मांडीवर थाप मारली. "बगा! ह्या मानसानं कवा डेड लिफ्ट केली हुती?"

मास्तरांनी दुसऱ्या मांडीवर थाप मारली. "वस्ताद, हा माणूस दिवसभर दुसरं काय करतो?"

आपणच जिंकलो, असं समजून दोघंही त्या दिवशी खुशीत घरी गेले.

* * *

पण एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. वस्तादांना हे सगळं आतून लागत होतं. निम्मी तालीम हौदा सोडून बारपाशी घुटमळायची. ज्या माणसानं आम्हाला लंगोट बांधायला शिकवलं, त्याला 'वस्ताद, जरा बाजूला व्हा, प्लेट पडेल' असं ऐकावं लागत होतं.

एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर पोचलो. आत मारुतीच्या कोनाड्यासमोर वस्ताद एकटेच कमरेत वाकून उभे. हात खाली लोंबत होते. पायाशी बार होता.

"काय झालं वस्ताद?"

"काय न्हाय. देवाला नमस्कार घालतुय."

मी थांबलो. नमस्कार संपेना.

"वस्ताद?"

"आरं, वर येता येईना लेका! पाठीत उसण भरली. कुनाला सांगू नगंस!"

मी कुणाला सांगणार? तेवढ्यात मागून केशवमास्तर आत आले. मला वाटलं, आता संपलं. हा माणूस एक वाक्य बोलला असता, तर वस्तादांनी त्या तालमीत पुन्हा पाऊल टाकलं नसतं. मास्तरांनी बार पाहिला, वस्तादांना पाहिलं आणि टोपी काढून खुंटीला लावली.

"चूक माझी आहे वस्ताद. काल बारला तेल लावलं आणि पुसायचं राहिलं. कुणाचाही हात सटकला असता."

तेल कुठं होतं! बार कोरडा ठणठणीत होता.

आम्ही दोघांनी वस्तादांना धरून आडवं केलं. पुढं आठ दिवस मास्तर रोज वस्तादांच्या घरी जाऊन त्यांची पाठ करडीच्या तेलानं चोळत होते. नवव्या दिवशी वस्ताद तालमीत आले, सगळ्यांदेखत बारपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, ह्ये तुमचं मढं कसं उचलायचं त्ये नीट दावा. आन् मग तुमी हौद्यात या. तुमच्या बैठका लई वंगाळ हायत."

मास्तर हौद्यात उतरले. पन्नास बैठकांनंतर त्यांना दोघांनी धरून बाहेर काढलं!

* * *

आता शेवटचा. केशवमास्तरांचं लग्न जमलं त्या दिवसाचा. मी तिथं होतो.

मास्तरांना आईवडील नव्हते. बत्तिसावं लागलं तरी लग्नाचं नाव नाही. वस्तादांनीच मनावर घेतलं आणि आपल्या करकंबचं स्थळ काढलं. मुलगी तिथल्या शाळामास्तरांची, नाव गोदावरी. वडीलधारे म्हणून वस्ताद आणि मित्र म्हणून मी, असे मास्तरांसकट आम्ही तिघं सर्व्हिस मोटारीनं निघालो. वस्तादांनी रस्ताभर बजावलं, "तितं लोखंडाचं नाव काडायचं न्हाय! पोरीच्या बापाला वाटंल, लोहार आनला."

पोचलो आणि अंगणात पाय धुवायला थांबलो. ओसरीवर जाजम घालायचं होतं, पण मधे दगडी उखळ होतं. मुलीचे वडील गड्याला हाका मारत होते. गडी येईना. तेवढ्यात आतून एक मुलगी आली. पदर खोचला, उखळापाशी पाय रोवले, पाठ ताठ ठेवून खाली बसली, उखळ उचललं, चार पावलं चालली आणि ते कोपऱ्यात अलगद ठेवून आत गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

मास्तरांच्या हातातला तांब्या तसाच. पाणी त्यांच्या पायांवर पडायचं सोडून माझ्या पायांवर पडत होतं.

"पाठ बघितलीत?" ते कुजबुजले. "एक रेष!"

"गप ऱ्हावा," वस्ताद म्हणाले.

आत पोहे आले. तीच मुलगी समोर येऊन बसली. मास्तरांनी तिला काहीच विचारलं नाही. नुसते बघत होते. चेहऱ्यावर होकार एवढा मोठा, की वाचायला चष्मा नको. मुलीचे वडील सुधारकी मताचे. ते म्हणाले, "गोदे, तुला काही विचारायचं असेल तर विचार. संकोच करू नकोस."

मुलीनं मान वर केली. "ऐकलं ते खरं का? तुम्ही रोज लोखंडाचं मोठं वजन उचलता?"

मास्तर खुलले. छाती आपोआप पुढं आली. "हो. रोज सकाळी."

"आणि उचलून कुठं नेता?"

"कुठं नाही. परत तिथंच ठेवतो."

"दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच उचलता?"

"हो."

"का?"

ज्या माणसानं या एका प्रश्नावर वर्षभर आमच्या तालमीला भाषणं ऐकवली होती, त्या माणसानं पोह्यांची बशी खाली ठेवली. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी वस्तादांकडं पाहिलं. वस्ताद मिशीतल्या मिशीत हसत पोह्यांतला एकेक शेंगदाणा निवडून बशीच्या कडेला ठेवत होते.