रविवारी सकाळी न मिळणारा व्हायोलिनवाला

गिरगावच्या गुरुदत्त कोठाऱ्यांचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा चालवण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. आजारपणाची थाप मारून दुसऱ्याच्या कार्यक्रमात वाजवून येणारे कलाकार त्यांनी भरपूर पाहिले होते. म्हणून उन्मेष साळवेचं रविवारचं प्रकरण त्यांना कधी पटलंच नाही.

उन्मेष लालबागचा, मराठी ख्रिस्ती. व्हायोलिन असं वाजवायचा की गाणारा श्वासाला थांबला तरी गाणं थांबल्यासारखं वाटत नसे. मालिका म्हणू नका, सिनेमा म्हणू नका, त्याला सगळीकडून बोलावणी. गळ्यातला क्रूस कायम शर्टाच्या बाहेर. स्टेजवर ओळख करून दिली की म्हणायचा, "प्रभू येशूची कृपा." सुरुवातीच्या गणेशवंदनेआधी सगळे कलाकार हात जोडत, हा नुसता व्हायोलिन खांद्याला लावून उभा. आणि रविवारी दुपारपर्यंत हा माणूस मिळायचाच नाही. "उपासना असते, दादा," एवढंच सांगायचा.

त्या वर्षी दादरची दिवाळी पहाट नेमकी रविवारी आली.

"एक दिवस तुझा देव सांभाळून नाही का घेणार?" गुरुदत्तांनी विचारलं.

"तो घेईल हो दादा. मलाच नाही जमणार."

पहाट ऐनवेळी मिळालेल्या व्हायोलिनवाल्यावर कशीबशी निभावली. वर ढोलकीवाल्याने खबर आणली, "तुमचा उन्मेष त्या दिवशी सकाळी परळला टॅक्सीतून उतरताना दिसला. हातात व्हायोलिनची पेटी होती."

"चर्चमध्ये वाजवत असेल," गुरुदत्तांच्या पत्नी बेबीताई म्हणाल्या.

"तिथे वाजवत नाही, असं तोच एकदा बोलला होता. मग पेटी कुठे चालली होती?"

"अहो, सरळ विचारा की त्याला."

"विचारल्यावर खरं कोण सांगतं?"

पुढच्या रविवारी गुरुदत्त लालबागला उन्मेषच्या चाळीसमोर जाऊन उभे राहिले. उन्मेष पेटी घेऊन खाली आला, टॅक्सीत बसला. यांनी मागून दुसरी पकडली. कुठल्यातरी स्टुडिओच्या दारात त्याला गाठायचं, असा बेत होता. पण टॅक्सी थांबली ती परळच्या एका जुन्या चर्चपाशी.

गुरुदत्त व्हरांड्यातून आत डोकावले. मराठीत गीत चाललं होतं. हार्मोनियमवाला दर ओळीला मागे पडत होता. आणि उन्मेष शेवटच्या बाकावर, बंद पेटी पायाशी ठेवून, सगळ्यांबरोबर गात होता.

"कोण हवंय?" मागून आवाज आला. मंडळीतले एक वयस्क गृहस्थ गुरुदत्तांना आपादमस्तक न्याहाळत होते. "तुम्ही साळवेच्या ऑर्केस्ट्राचे ना? टीव्हीवर पाहिलंय तुम्हाला."

"हो. तो इथे वाजवत नाही?"

"आम्ही देत नाही वाजवू. तिकडे अभंग वाजवायचे, आरत्या वाजवायच्या, आणि दर रविवारी पेटी घेऊन इथे यायचं, की मला प्रभूसाठी वाजवू द्या. कसा ठेवायचा विश्वास?" गृहस्थांनी आवाज खाली आणला. "खरं सांगा, तिकडे हातसुद्धा जोडत असेल ना?"

 गुरुदत्तांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर इथला दरवाजा उन्मेषला कायमचा बंद झाला असता. मग कसली उपासना आणि कसलं काय. रविवारच्या सगळ्या सकाळी मोकळ्या. क्षणभर मोह झालाच त्यांना.

"नाही जोडत," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी चिडलो, प्रेक्षकांना दाखवायला तरी जोड म्हटलं. तर म्हणाला, 'दादा, तुमच्या गाण्यात एक सूर खोटा लावणार नाही. पण खोटे हात जोडायला सांगू नका.'"

गृहस्थांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. मग आत निघून गेले.

नाताळच्या उपासनेत वाजवायला उन्मेषला बोलावणं आलं, तेव्हा कुणाच्या साक्षीवर आलं तेही त्याला कळलं. तालमीला आला तो तोंड पाडूनच.

"माझ्या मागावर आला होतात, दादा?"

"हो."

"मला विचारायचं होतंत."

"विश्वास नव्हता रे."

"आणि आता?"

"आता आहे. त्या तुमच्या गृहस्थांवर मात्र अजून नाही."

उन्मेष हसला नाही. पुढे कितीतरी दिवस तो कामापुरतंच बोलायचा, आणि गुरुदत्तांनाही कधी माफी मागता आली नाही. रविवार सकाळसाठी त्यांनी मुकाट्याने दुसरा व्हायोलिनवाला शोधायला घेतला. एकाचा हात चांगला होता; शनिवारी रात्री लवकर झोपतो, रविवारी पहाटेही येईन, म्हणाला. "पण हा खरंच शनिवारी रात्री लवकर झोपतो का, ते बघायला हवं," असं ते बेबीताईंना म्हणाले. त्यावर बेबीताईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी त्याच दिवशी फोन करून त्याला पक्का केला.