निरोगी म्हणून काढलेला स्कॅन

“डाव्या बाजूला लिजन दिसतंय,” हिमायतनगरच्या न्यूरोसर्जननी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावत सांगितलं. लिजन म्हणजे मेंदूचा नेहमीपेक्षा वेगळा दिसणारा भाग. ती गाठ आहे की जुना व्रण, हे एका एमआरआयवरून ठरत नव्हतं. जागा मात्र बोलण्याच्या केंद्राला लागून होती.

मी जामबागच्या शाळेत मराठी शिकवते. आठ दिवसांपूर्वी पाचवीच्या वर्गात बोलता बोलता मला शब्द सापडेनासे झाले, उजवा हात झटके देऊ लागला. याला फोकल सीझर म्हणतात, म्हणजे मेंदूच्या एकाच जागेतून सुरू झालेली फिट.

“ऑपरेशनमध्ये बोलणं जाऊ शकतं. नाही केलं आणि हे वाढत असेल, तर उशीर होईल,” डॉक्टर म्हणाले. “पूर्वीचा एखादा स्कॅन आहे?”

सोबत आलेले यजमान नाही म्हणाले. मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी नणंदेच्या ओळखीने मी एका संशोधन संस्थेत स्कॅनसाठी गेले होते. त्यांना निरोगी माणसांच्या मेंदूची मापं हवी होती. मापं घेतली, चित्रं ठेवून दिली. त्यात आजार कुणी शोधलाच नव्हता.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. “ऑपरेशनसाठी सोमवारची वेळ धरून ठेवतो. त्याआधी आणा.” तो गुरुवार होता. आम्ही तसेच त्या संस्थेत गेलो.

स्कॅनचं मशीन तीन संस्थांचं सामाईक. तास वाटून घेतलेले, आणि जुनी चित्रं कॉम्प्युटरच्या टेपवर उतरवून कपाटात ठेवलेली. तिथले तंत्रज्ञ इक्बालसाब चिठ्ठी वाचून म्हणाले, “बाजी, नाम से नै मिलता. नंबर होना.” बाजी म्हणजे ताई. संशोधनात नावं काढून टाकतात, स्कॅन नुसत्या नंबरावर ठेवतात, तो नंबर हवा होता. ज्यांच्याकडे नावं आणि नंबरांची यादी होती ते परदेशी गेले होते.

त्या संध्याकाळी नारायणगुड्याच्या घरातली सगळी कपाटं आम्ही रिकामी केली. संमतिपत्राची प्रत मुलीच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये निघाली. कोपऱ्यात नंबर होता.

शुक्रवारी दिवसभर स्कॅन लागलेले. टेप वाचायलाही तोच कॉम्प्युटर, म्हणून इक्बालसाबनी जेवणाच्या सुटीत काम धरलं. अर्ध्यावर टेप अडकली. मिळालेली चित्रं कानाच्या पातळीपर्यंतची. हवा तो भाग त्याच्या वर होता.

त्यांनी स्पिरिटच्या कापसाने टेप वाचायचं यंत्र पुसलं. “टेप पुरानी है. एक बार और घुमाता, बस.”

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मी समोरच्या वस्तूंची नावं मनात घेत होते. पंखा, कडी, चप्पल, खिडकीचे गज. गज म्हणायला जरा वेळ लागला. यजमानांना ते सांगितलं नाही.

पाऊण तासाने इक्बालसाब फिल्म घेऊन बाहेर आले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

“मैं डॉक्टर नै, बाजी. कुछ बोल नै सकता.”

शनिवारी सर्जननी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या, पट्टीने मोजलं, पुन्हा मोजलं. यजमानांचा हात माझ्या पाठीवर होता.

“तेव्हाही होतं,” सर्जन म्हणाले. “आणि एवढंच होतं.”

सुटल्यासारखं वाटलं, आणि रागही आला. तीन वर्षं मी कुणाच्या तरी कागदावर निरोगी होते.

“वाढलेलं नाही, म्हणून सोमवार रद्द. फिटच्या गोळ्या चालू ठेवा, चार महिन्यांनी पुन्हा एमआरआय. कायमचं सुटलात असं म्हणत नाही मी.”

त्यानंतर चार एमआरआय झाले. ते आहे तिथेच आहे. प्रत्येक वेळी आदल्या आठवड्यात मला जेवण जात नाही, हे सवयीने गेलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी असल्या मशीनमध्ये झोपलं, कारण काहीही असो, तर प्रत मागून घ्या आणि आपला नंबर लिहून ठेवा.

चार महिन्यांनंतरचा पहिला एमआरआय झाल्यावर मी इक्बालसाबना सांगायला गेले होते. जेवणाची सुटी होती. डबा बाजूला ठेवून ते एक जुनी टेप नव्या टेपवर उतरवत होते. शेजारी आणखी टेपांचा ढीग होता. हे काम कुणी सांगितलं, मी विचारलं.

“किसी ने नै,” ते म्हणाले. “कल और कोई आया तो?”