मागच्या दाराशी शेगडी

होडीच्या बाबतीत एनॉकला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. तो कोळसा वाहणाऱ्या होडीवर जन्मला, तिथेच वाढला आणि लग्न केलं तेही होडीवरच्याच आयडाशी. कालव्यावरची मालाची वाहतूक बंद पडली तेव्हा त्यांचे सगेसोयरे नगरपालिकेच्या घरांत राहायला गेले. या दोघांनी एक जुनी लांबोडकी होडी घेतली, मालाच्या जागी खोल्या करून घेतल्या आणि ब्रॉन्स्टन गावाला कालव्याच्या काठाशी संसार थाटला. जिना चढून झोपायला जायचं ही नुसती कल्पनाही आयडाला सहन होत नसे.

त्या उन्हाळ्यात ती काठावर उतरताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून ती परतली ती तिथला लोखंडी पलंग घेऊनच. पलंग पुढच्या दारातून कसाबसा आत गेला आणि पुढच्या खोलीत जो अडकला तो तिथून मागं सरकेना. मधली वाट इतकी चिंचोळी की एनॉकसुद्धा तिरका होऊन चालायचा. नर्स फिलिपा नेमानं येई. तिनं रॉकेलचा स्टोव्ह पाहिला आणि मान हलवली.

"यानं सगळं ओलं होतं आणि यांची छाती भरते. खरी शेगडी बसवा. थंडी पडली की मी येऊन बघीन. खोली गरम नसेल तर यांना वृद्धाश्रमात न्यावं लागेल."

"बसवतो की," एनॉक म्हणाला. मनातून तो हबकला होता.

शेगड्यांच्या दुकानातला डेरिक त्याला पोरसवदा असल्यापासून ओळखत होता. त्यानं एक मध्यम आकाराची शेगडी दाखवली. "ही घे आणि होडीच्या मधोमध लाव."

"मधोमध कशाला? शेगडी मागच्या दाराशी. आत शिरताना डाव्या हाताला. माझ्या बापाची तिथंच होती, आज्याची तिथंच होती. सुकाणू धरणाऱ्याचे पाय शेकले पाहिजेत."

"अरे बाबा, तुझ्या बापाचं सगळं घर म्हणजे ते मागचं खोपटं. पुढं कोळसा भरलेला असायचा. आता तिथं तुझी बायको आहे."

"मधली दारं उघडी ठेवली की ऊब जाते पुढं. आणि मागच्या खोपट्याला तुझं हे धूड लावलं तर आम्ही भाजून निघू."

डेरिकनं हात टेकले. एनॉकनं दुकानातली सगळ्यात लहान शेगडी उचलली.

काम मात्र असं केलं की बघत राहावं. लाकडाला आच लागू नये म्हणून मागं न जळणारा पत्रा लावला, पत्र्यामागं हवेला जागा सोडली, खाली फरशा बसवल्या. होडी कुठं आपटली तरी शेगडी कलंडू नये म्हणून तिचे पाय जमिनीला बोल्टांनी आवळले. शेगडीच्या वजनानं होडी एका अंगाला झुकली तेव्हा तोल राखायला तळात ठेवलेल्या विटा दुसऱ्या बाजूला सारून ती सरळ केली. मग धुराड्यासाठी लोखंडी छप्पर कापायला घेतलं. त्या करकराटात पलंगावरून आयडा ओरडत होती, "बुडव, बुडव एकदाची. पोहता येत नाही दोघांनाही."

धुराड्याला तीन पितळी कडी चढवून त्यानं ती घासून लखलखीत केली. पहिला विस्तव पेटला, किटली गुणगुणायला लागली आणि एनॉकला अंगरखा काढावा लागला.

"लागली का रे?" पुढून आवाज आला.

"लागली की."

"मग मला कसं कळलं नाही?"

ऊब पुढं पोचत नाही हे तेव्हाच त्याला उमगलं. पण छपराला भोक पडलं होतं आणि डेरिकचे शब्द आठवून कानशिलं तापत होती. त्यानं मधली दारं बिजागऱ्यांसकट काढून टाकली. विटा तापवून, फडक्यात गुंडाळून तिच्या पायाशी ठेवू लागला. ऊब मागच्या छपराशी जाऊन बसली ती तिथून हलेना. शेवटी शरम गिळून तो डेरिककडे गेला. डेरिकनं एका शब्दानंही टोमणा मारला नाही, तेच त्याला जास्त लागलं.

"होडी धक्क्याला आण, मोठी शेगडी मध्ये बसवून देतो," तो म्हणाला. पण त्याच रात्री कालवा गोठला आणि होडी जागच्या जागी खिळली.

फिलिपा आली ती कोट न काढताच बसली. तिनं उशीपाशी थर्मामीटर ठेवलं.

"मला तर घाम येतोय," आयडा म्हणाली. "याला सांगा, जरा कमी कर म्हणून."

फिलिपानं गोधडीखाली हात घालून तिचे पाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. एनॉक तिच्या तोंडाकडे बघत होता. ती काय बोलणार ते त्याला ठाऊक होतं, तरी तो बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी आयडाला वृद्धाश्रमात न्यायला पुढच्या दारातून बाहेर काढलं. काठावर ती क्षणभर थांबा म्हणाली.

"ऐक म्हाताऱ्या. शेगडी मीसुद्धा तिथंच लावली असती."

एनॉकला तिचा हात हातात घ्यायचा होता, पण स्ट्रेचर उचललं गेलं होतं. इस्पितळाची माणसं मागाहून येऊन पलंगही पुढच्या दारातून ओढून घेऊन गेली.

भूक नव्हती, तरी सवयीनं तो मागं गेला. निखाऱ्यांवर कोळसे घातले आणि दाराशी बसला. थोड्याच वेळात पाय शेकले, मग गुडघे, मग पाठ. खोपटं छान तापलं. एका माणसासाठी शेगडी त्यानं अगदी बरोबर निवडली होती.